फराहबाग

फराहबाग (फराहबख्श बाग, स्थानिक उच्चार फरियाबाग, फराबाग) हा अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराच्या आग्नेयेस भिंगार छावणीच्या परिसरात असलेला निजामशाहीकालीन बागमहाल आहे. निजामशाहीचा सुलतान पहिला मुर्तझा निजामशाह (कारकीर्द १५६५–१५८८) याच्या काळात तो बांधला गेला आणि इ.स. १५८३ मध्ये पूर्ण झाला. चौरस तलावाच्या मध्यभागी उभा असलेला दुमजली महाल, महालापर्यंत नेणारी दगडी वाट, तलावाभोवतीची बाग आणि या सर्वांना पाणी पुरवणारी नळयोजना अशी ही एकसंध राजेशाही वसाहत होती. आज यांपैकी महालाची इमारत आणि कोरड्या तलावाचा खळगा एवढेच ठळकपणे दिसते. त्यामुळे माळरानावर एकाकी उभ्या असलेल्या या वास्तूला अनेकजण कबर किंवा किल्ल्याचा अवशेष समजतात. वस्तुतः ही राहण्याची आणि विसाव्याची जागा होती. तिची रचना समजून घ्यायची तर पाणी आणि झाडे मनाने पुन्हा जागेवर आणावी लागतात.

नाव

‘फराह’ म्हणजे आनंद आणि ‘बख्श’ म्हणजे देणारा. ‘फराहबख्श’ या फार्सी समासाचा अर्थ ‘आनंद देणारी’ असा होतो. बागांना अशी नावे देण्याची प्रथा फार्सी संस्कृतीच्या प्रभावाखालील दरबारांत सर्वत्र होती. काश्मीरमधील शालिमार बागेच्या आरंभीच्या भागालाही जहांगीर बादशाहाने इ.स. १६२० च्या सुमारास ‘फराहबख्श’ हेच नाव दिले होते. नगरची बाग त्याहून सुमारे चार दशकांनी जुनी आहे. लोकांच्या तोंडी ‘बख्श’ गळून पडले आणि ‘फराह’चे ‘फरिया’ झाले. इंग्रजी कागदपत्रांतही पुढे हाच बोलीतील उच्चार रूढ झाला. महाल आणि बाग या दोन्हींसाठी एकच नाव वापरले जाते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. मूळ कल्पनेत बाग मुख्य होती आणि महाल हा तिचा मध्यबिंदू होता.

स्थान

अहमदनगर शहराची स्थापना मलिक अहमद निजामशाह याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस, बहमनी सत्तेपासून १४९० मध्ये स्वतंत्र झाल्यानंतर, सीना नदीच्या डाव्या तीरावर भिंगार या जुन्या गावाजवळ केली. जिल्ह्याचा हा भाग पर्जन्यछायेत येतो. पाऊस बेभरवशाचा, उन्हाळा कडक आणि सीना वर्षातील बराच काळ कोरडी, अशा ठिकाणी राजधानी वसवणे म्हणजे पाण्याची सोय माणसाने स्वतः करणे होय. शहराच्या उत्तरेस व पूर्वेस मात्र डोंगररांगा आहेत. तिकडून शहराकडे आणि सीनेकडे जमीन सलग उतरत जाते. याच उताराचा फायदा घेऊन निजामशाहीच्या काळात आसपासच्या गावांच्या शिवारांतून खापरी नळांनी पाणी राजधानीत आणले गेले. कापूरवाडी, वडगाव, शेंडी, शहापूर आणि भिंगार ही नावे या नळांच्या संदर्भात वारंवार येतात.

निजामशाही सुलतानांचा मुक्काम भुईकोट किल्ल्यातच असे, असे समजणे बरोबर नाही. दरबार, खजिना आणि संरक्षण यांसाठी किल्ला होता. पण शहराभोवती काही कोसांच्या आत बागमहालांची एक साखळी उभी राहिली होती आणि राजा ऋतू व मर्जीप्रमाणे त्यांतून राहत असे. वायव्येची हश्त बिहिश्त बाग, ईशान्येस डोंगरगणजवळ मांजरसुंब्याच्या गडावरील महाल आणि आग्नेयेची फराहबाग ही या साखळीतील महत्त्वाची स्थळे होत. किल्ल्यापासून फराहबाग फार दूर नाही. घोड्यावरून थोड्याच वेळात पोहोचता येईल, पण दरबाराचा गजबजाट मागे राहील, एवढेच हे अंतर आहे.

इतिहास

तालिकोटच्या लढाईनंतर काही महिन्यांतच, १५६५ मध्ये, हुसेन निजामशाहाचा मृत्यू झाला आणि त्याचा अल्पवयीन मुलगा मुर्तझा गादीवर आला. आरंभीची काही वर्षे राज्यकारभार त्याची आई खुंजा हुमायूँ पाहत होती. तिला बाजूला सारल्यावर चंगेजखान हा कर्तबगार पेशवा मुर्तझाला लाभला. (‘पेशवा’ हे पद निजामशाहीतही मुख्य मंत्र्याचे होते.) १५७४ मध्ये वऱ्हाडची इमादशाही जिंकून निजामशाहीचा विस्तार कमाल सीमेला नेला तो याच काळात. या विजयानंतर थोड्याच दिवसांत राजाने संशयावरून चंगेजखानाला विष देवविले. तो निर्दोष होता हे उमगल्यावर मुर्तझा कारभारातून मन काढून एकांतात राहू लागला. इतिहासकारांनी त्याला ‘दीवाना’ म्हणजे वेडा हे उपनाव दिले आहे. फराहबाग ज्या राजासाठी उभी राहिली तो असा लोकांपासून दूर राहणारा होता, ही गोष्ट वास्तूच्या रचनेशी ताडून पाहण्यासारखी आहे. चारही बाजूंनी पाणी आणि आत जायला अरुंद वाट, ही योजना सौंदर्याची आहे तशीच एकांताचीही आहे.

बागेच्या उभारणीशी तीन सरदारांची नावे जोडली जातात. परंपरेनुसार कामाचा आरंभ चंगेजखानाकडे जातो. त्यानंतर न्यामतखान दख्खनी याने इमारत उभी केली, पण ती राजाच्या पसंतीस उतरली नाही. दरबारातील जाणकारांनी तिच्यात दोष काढले आणि राजाने ती पाडून पुन्हा बांधण्याचा हुकूम दिला, असे सांगितले जाते. नव्याने बांधण्याचे काम सलाबतखान या नावाच्या सरदाराकडे गेले. त्याच्या मृत्यूनंतर त्याचा पुतण्या दुसरा सलाबतखान याने १५८३ मध्ये ते तडीस नेले.

या हकिकतीतून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे बागमहालाची रचना हा त्या दरबारात गंभीर चर्चेचा विषय होता. बांधून झालेली इमारत केवळ प्रमाणबद्धतेच्या किंवा मांडणीच्या कारणावरून पाडावी, एवढे महत्त्व तिला होते. दुसरे म्हणजे, निजामशाहीत दख्खनी आणि आफाकी (इराण-तुराणातून आलेले) अशा दोन गटांची चुरस सतत चालू असे, आणि न्यामतखानाच्या नावापुढचे ‘दख्खनी’ हे त्या चुरशीची आठवण करून देते. आज दिसणारा महाल सर्वस्वी इराणी वळणाच्या आराखड्यावर उभा आहे. आधीची इमारत पाडण्यामागे केवळ डोळस रसिकता होती, की त्यामागे गटबाजीचाही वास होता, हा प्रश्न वाचकाच्या मनात यावा इतपत जागा या हकिकतीत आहे.

दुसरा सलाबतखान हा निजामशाहीच्या उत्तरार्धातील सर्वांत मोठा बांधकामकर्ता म्हणावा लागेल. शहराच्या पूर्वेस भातोडीचा तलाव त्याने बांधला असे मानले जाते. शाह डोंगरावरील अष्टकोनी, तीनमजली मकबरा त्याचाच आहे, जरी नगरकर त्याला ‘चांदबिबी महाल’ म्हणत असले तरी. राजा एकांतात असताना राज्याची घडी त्यानेच सांभाळली. पुढे राजाची मर्जी फिरून त्याला कैदेतही जावे लागले. १५८९ मध्ये तो मरण पावला.

महाल तयार झाल्यावर मुर्तझा येथे वारंवार येऊन राहत असे. दिल्लीहून आलेल्या एका गायकाबरोबर तो येथे बुद्धिबळ खेळत बसे, त्याला राजाने ‘फत्तेशाह’ हे नाव दिले होते आणि त्याच्यासाठी बागेतच ‘लाकडी महाल’ नावाची स्वतंत्र इमारत बांधली होती, अशी कथा प्रसिद्ध आहे. महाल पूर्ण होऊन पाच वर्षे होत नाहीत तोच, १५८८ मध्ये, मुर्तझाचा मुलगा मिरान हुसेन याने त्याला हमामखान्यात कोंडून ठार केले. पुढची वर्षे निजामशाहीच्या यादवीची होती. १६०० मध्ये चांदबिबीच्या हत्येनंतर अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला आणि बागमहालांचा मूळ उपयोग संपला. नंतर नगर किल्ल्यावर मोगल, पेशवे, शिंदे आणि १२ ऑगस्ट १८०३ पासून इंग्रज अशा सत्ता बदलत गेल्या. इंग्रजी अमलात भिंगारला लष्करी छावणी वसली आणि फराहबाग तिच्या शेजारात आली.

वसाहतीची आखणी

फराहबागेची आखणी आतून बाहेर अशी वाचावी. केंद्रस्थानी महालातील घुमटाचे दालन, त्याभोवती खोल्या व कमानींचे कडे, त्याबाहेर चौथरा, मग तलाव आणि तलावापलीकडे बाग. प्रत्येक कडे आधीच्या कड्यापेक्षा अधिक मोकळे होत जाते. बंदिस्त, अर्धबंदिस्त, उघडे पाणी आणि उघडी जमीन असा हा क्रम आहे. बाहेरून येणाऱ्या माणसाला हाच क्रम उलटा अनुभवावा लागे. झाडांच्या सावलीतून तो तलावाच्या काठावर येई, तेथून पाण्यामधल्या वाटेवरून जाताना महालाची दर्शनी बाजू पाण्यात प्रतिबिंबासह दिसे, मग उंच कमानीच्या सावलीत तो शिरे आणि शेवटी घुमटाखालच्या मंद उजेडात पोहोचे.

तलाव चौरस आहे आणि महाल त्याच्या बरोबर मध्यावर आहे. किनाऱ्यापासून महालापर्यंत जाणारी दगडी वाट हाच प्रवेशाचा मार्ग होता. या वाटेमुळे एक बाजू प्रवेशाची ठरते, परंतु इमारतीच्या चारही दर्शनी बाजू मात्र एकसारख्या आहेत. मराठी वाड्यात पुढची बाजू, मागची बाजू, पहिला चौक, दुसरा चौक असा चढता क्रम असतो. दिंडी दरवाजापासून माजघरापर्यंत आत आत जाताना खाजगीपणा वाढत जातो. फराहबागेत तसा मागचा-पुढचा भेद नाही. येथे वास्तू चारही दिशांना सारख्याच तोंडाने पाहते, कारण चारही दिशांना पाहण्यासारखे काही, म्हणजे पाणी व बाग, मांडून ठेवलेले आहे. वाडा आकाशाकडे उघडतो आणि चौक त्याच्या पोटात असतो. बागमहाल बाहेरच्या भूदृश्याकडे उघडतो आणि त्याच्या पोटात घुमट असतो. दोन्हींच्या वापराची कल्पनाच वेगळी आहे.

बागेतील वाफे, झाडे आणि पाट आता उरलेले नाहीत. इराणी परंपरेतील चारबागेत मध्यावरून निघणारे पाण्याचे पाट बागेचे चार भाग करतात. चार समान दर्शनी बाजू आणि मध्यवर्ती जलाशय असलेला फराहबागेचा आराखडा याच विचारकुळातील आहे. निजामशाही दरबाराला बागांचे किती वेड होते हे कळण्यासाठी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातील ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ या सचित्र हस्तलिखिताकडे पाहावे. मुर्तझाच्या वडिलांच्या स्तुतीपर असलेल्या या ग्रंथातील चित्रांत फुललेली झाडे व बागेतील स्त्रिया दिसतात. एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने झाड बहरते हा भारतीय ‘दोहद’ संकेतही आला आहे. फार्सी भाषेतील ग्रंथात हा संकेत सहज मिसळून जावा, यावरून त्या दरबारातील बाग ही केवळ इराणी आयात नव्हती असे म्हणता येते.

महालाची वास्तुरचना

महालाचा तळआराखडा चौरस असून त्याचे चारही कोपरे कापलेले आहेत. त्यामुळे त्याला चार लांब आणि चार आखूड अशा आठ बाजू येतात. वास्तुशास्त्रात या प्रकारच्या आराखड्याला ‘हश्त बिहिश्त’ म्हणजे ‘आठ स्वर्ग’ असे म्हणतात. मधले एक मोठे दालन आणि त्याच्या आठ दिशांना आठ जागा, अशी त्याची मूळ कल्पना आहे. चार मुख्य दिशांना खोल कमानीदार दालने येतात आणि चार उपदिशांना कोपऱ्यांतील खोल्या येतात. मध्य धरून नऊ भाग होतात. आराखडा कागदावर काढून पाहिला तर त्याची सममिती सहज लक्षात येते: मध्यातून चार दिशांना किंवा कोपऱ्याकोपऱ्यांना कोणतीही रेष काढली तरी दोन्ही बाजूंस सारखेच भाग पडतात.

प्रत्येक लांब बाजूच्या मध्यभागी दोन्ही मजल्यांएवढ्या उंचीची एक भव्य टोकदार कमान आहे. ही कमान म्हणजे केवळ दरवाजा नव्हे. तिच्या आत एका बाजूने पूर्ण उघडे असे खोल दालन आहे. इराणी वास्तुकलेत त्यास ऐवान म्हणतात. मोठ्या कमानीच्या दोन्ही अंगांना आणि कापलेल्या कोपऱ्यांवर एकावर एक अशा दोन ओळींत लहान कमानी आहेत. लहान कमानींच्या या दोन ओळींमुळे मधल्या कमानीची उंची अधिकच जाणवते, आणि त्याच वेळी इमारतीचे दोन मजले बाहेरून स्पष्ट वाचता येतात. दर्शनी भागावर सुटा अलंकार फारसा नाही. कमानीच्या खोलगटीत पडणारी सावली हाच येथला मुख्य अलंकार आहे. दिवस जसा वर येतो तशा या सावल्या सरकतात आणि चार बाजूंपैकी कोणती तरी एक बाजू नेहमी पूर्ण सावलीत असते.

ऐवानातून आत गेल्यावर मध्यवर्ती दालन लागते. हे दालन जमिनीपासून घुमटापर्यंत सलग उंच आहे. त्याला मधला मजला नाही. भोवतीच्या खोल्या मात्र दोन मजल्यांत विभागलेल्या आहेत. चौरस दालनावर गोल घुमट बसवण्यासाठी भिंतींच्या वरच्या भागात कोपऱ्याकोपऱ्यांतून कमानी टाकून चौरसाचा अष्टकोन आणि अष्टकोनाचे वर्तुळ साधले आहे. वरच्या अंगाच्या झरोक्यांतून येणारा उजेड थेट जमिनीवर न पडता भिंतींवर पसरतो. त्यामुळे दालनात उजेड असतो पण ऊन नसते. घुमट बाहेरून नजरेत भरत नाही. दुरून पाहणाऱ्याला इमारतीचा माथा सपाटच वाटतो आणि घुमटाचा अनुभव फक्त आत शिरलेल्यालाच येतो. मकबऱ्याच्या वास्तूत याच्या उलट असते. तेथे घुमट लांबून दिसावा हाच हेतू असतो. फराहबाग हा मकबरा नाही याची ही वास्तूतूनच मिळणारी खूण आहे.

कोपऱ्यांतील खोल्या आकाराने लहान असून त्या एकमेकींशी आणि ऐवानांशी जोडलेल्या आहेत. मधल्या दालनात न शिरता इमारतीच्या कडेकडेने फिरता येते. वरच्या मजल्यावरील जागांमधून एका बाजूस तलाव व बाग आणि दुसऱ्या बाजूस घुमटाचे दालन अशी दोन्हीकडे नजर जाते. गायन-वादनाची बैठक खाली मधल्या दालनात भरली तर वरच्या मजल्यावरून ती पाहता-ऐकता यावी, अशी ही योजना आहे. सपाट गच्चीचा उपयोग उन्हाळ्याच्या रात्री बसण्या-निजण्यासाठी करणे दख्खनच्या हवेत स्वाभाविकच होते.

बांधकाम साहित्य

नगर परिसराचा खडक म्हणजे दख्खनचा काळा बेसाल्ट. घडीव चिऱ्यांसाठी तो उत्तम असला तरी फोडायला आणि घडवायला कष्टाचा असतो. फराहबागेच्या भिंती मुख्यतः ओबडधोबड दगड आणि चुन्याच्या जाड भिंती आहेत. त्यांवर बाहेरून व आतून चुन्याचा गिलावा होता. म्हणजेच आज गिलावा गळून उघडा पडलेला, खरबरीत, काळपट दगड हे वास्तूचे मूळ रूप नाही. मूळ महाल गुळगुळीत आणि उजळ रंगाचा होता. हिरव्या बागेत, पाण्याच्या मध्यावर उभी असलेली फिकट रंगाची इमारत, हे चित्र डोळ्यांसमोर आणले म्हणजे प्रतिबिंबाला या आराखड्यात एवढे महत्त्व का हे कळते.

गिलाव्यातच नक्षी करण्याची कला निजामशाही कारागिरांना चांगली अवगत होती. कमानींच्या आतल्या भागावर आणि घुमटाखालच्या कोपऱ्यांवर अशा चुनेगच्चीतील कामाचे अवशेष दिसतात. काही ठिकाणी दगडी कामात लाकडी तुळ्या घातलेल्या आहेत. दगड दाब सोसतो पण ताण सोसत नाही, म्हणून जाड भिंतींना बांधून ठेवण्यासाठी आणि उघड्या जागा झाकण्यासाठी लाकूड वापरले जाई. लाकूड कुजले, चोरीस गेले किंवा जळाले की वरचे बांधकाम खचू लागते. दख्खनमधील अनेक पडक्या वास्तूंचे दुखणे येथूनच सुरू होते.

पाणी आणि गारवा

तलाव भरलेला ठेवणे हे या वसाहतीतील सर्वांत अवघड काम होते. पावसाच्या पाण्यावर तो उन्हाळ्यात टिकणे शक्य नव्हते. उन्हाळ्यातील बाष्पीभवन भरून काढेल एवढा अखंड पुरवठा नळाने येत राहणे आवश्यक होते. निजामशाही नळयोजनांची पद्धत अशी की, उंचावरच्या विहिरीतून, झऱ्यातून किंवा तलावातून पाणी घेऊन ते जमिनीखाली चुन्याच्या बांधकामात बसवलेल्या खापरी नळांतून उताराने आणायचे. वाटेत ठरावीक अंतरावर बांधलेल्या मनोऱ्यांतून पाणी वर चढून पुन्हा खाली उतरे. त्यामुळे नळातील कोंडलेली हवा बाहेर पडे, गाळ खाली बसे आणि दाब आवाक्यात राही. उगम महालापेक्षा उंच असल्यामुळे तेवढ्याच जोरावर कारंजी उडवता येत. त्यासाठी वेगळे यंत्र लागत नसे.

या पाण्याचा उपयोग शोभेपुरता नव्हता. तापलेला वारा पाण्यावरून येताना थोडे पाणी सोबत उडवून नेतो आणि त्यामुळे स्वतः थंड होतो. तो ऐवानाच्या सावलीतून मधल्या दालनात शिरतो. तेथील गरम हवा वर चढून वरच्या झरोक्यांतून बाहेर पडते आणि खालून नवी हवा ओढली जाते. चार दिशांना चार तोंडे असल्यामुळे वारा कोणत्याही दिशेचा असला तरी त्याला आत येण्यास आणि बाहेर जाण्यास वाट मिळते. जाड भिंती दिवसाची उष्णता आत पोहोचण्यास उशीर लावतात. नगरच्या उन्हाळ्यात हवा कोरडी असते आणि बाष्पीभवनाने मिळणारा गारवा कोरड्या हवेतच खरा उपयोगी पडतो. कोकणातील दमट हवेत हाच महाल इतका सुखद झाला नसता. आराखडा इराणी असला तरी तो नगरच्या हवेला मानवला याचे कारण इराणचे पठार आणि दख्खनचे पठार यांच्या उन्हाळ्यातील साम्यात शोधावे लागते.

तलाव कोरडा पडल्यावर ही सर्व व्यवस्था एकदम निकामी झाली. इमारत पुष्कळशी तशीच उभी राहिली, पण तिचे काम थांबले.

समकुलीन वास्तू

नगरमधीलच हश्त बिहिश्त बाग ही फराहबागेची पूर्वज म्हणता येईल. मलिक अहमद निजामशाहाच्या कारकिर्दीत, सोळाव्या शतकाच्या आरंभी तिची सुरुवात झाली. तेथेही पाण्याच्या मध्यभागी अष्टकोनी इमारत आहे. म्हणजे पाण्यातील आठ बाजूंच्या महालाची कल्पना नगरमध्ये फराहबागेच्या आधी सुमारे पाऊणशे वर्षे रुजलेली होती. सलाबतखानाने ती अधिक मोठ्या प्रमाणावर आणि अधिक काटेकोर सममितीने राबवली. शाह डोंगरावरच्या त्याच्या मकबऱ्यातही अष्टकोनच आहे, पण तेथे पाण्याऐवजी उंचीने एकटेपणा साधला आहे.

महाराष्ट्राबाहेर पाहिले तर हेरातमधील तैमुरी बागमहालांपासून ही परंपरा सुरू होते. दिल्लीतील हुमायूनचा मकबरा, जो फराहबागेच्या सुमारे दहा वर्षे आधी पुरा झाला, याच नऊ भागांच्या आराखड्याचा विस्तार आहे. इस्फहानचा ‘हश्त बिहिश्त’ महाल १६६९ मधील, म्हणजे फराहबागेनंतरचा आहे. विजापूरजवळ कुमटगी येथील आदिलशाही जलमहालही पाण्यात विसावा घेण्याच्या याच आवडीतून आले.

शाहजहानला ताजमहालाची कल्पना फराहबागेवरून सुचली, असे नगरमध्ये आवर्जून सांगितले जाते. कापलेल्या कोपऱ्यांचा चौरस, प्रत्येक बाजूस मधली उंच कमान आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन ओळींतील लहान कमानी हे साम्य खरे आहे आणि प्रथमदर्शनीच जाणवते. मात्र १६३२ मध्ये सुरू झालेल्या ताजमहालापुढे हुमायूनच्या मकबऱ्याचे उदाहरण मोगलांच्या स्वतःच्याच घरात होते. दोन्ही वास्तू एकाच इराणी-तैमुरी घराण्यातील आहेत एवढे म्हटले की साम्याचा उलगडा होतो. ताजची जन्मदात्री असा मान फराहबागेला देण्याची गरज उरत नाही. ताजशी तुलना करण्याच्या नादात फराहबागेची स्वतःची विशेषता मागे पडते, ती अशी की, हा आराखडा येथे मृतासाठी नव्हे तर जिवंत माणसांच्या राहण्यासाठी वापरला आहे, आणि अशा वापराची त्या शतकातील एवढी मोठी उभी इमारत भारतात क्वचितच आढळते.

सद्यस्थिती

महालाच्या भिंती, मोठ्या कमानी आणि मध्यवर्ती दालन अजून उभे आहेत. गिलावा बहुतांशी गळला असून काही भागांतील कमानी व छते ढासळली आहेत. भिंतींच्या सांध्यांत वड-पिंपळाची रोपे रुजतात. त्यांची मुळे चुन्याचे सांधे फोडतात, आणि पावसाचे पाणी त्या फटींतून भिंतीच्या पोटात शिरते. तलावाच्या तळावर गवत वाढते, पावसाळ्यात कुठे कुठे पाणी साचते आणि तेवढ्या दिवसांपुरता महाल पुन्हा पाण्यात उभा असल्याचा भास होतो.

परिसर लष्करी छावणीच्या हद्दीला लागून आहे आणि लष्कराचे प्रसिद्ध रणगाडा संग्रहालय जवळच आहे. संग्रहालय पाहायला येणाऱ्यांपैकी थोडेच फराहबागेपर्यंत जातात. छावणीच्या शेजारामुळे येथे दाट वस्तीचे अतिक्रमण झालेले नाही. त्यामुळे महालाभोवतीची मोकळी जमीन आणि तलावाची कड अजून ओळखता येते. इमारतीची डागडुजी हा जतनाचा एक भाग झाला. तलावाचे काठ, दगडी वाट आणि जमिनीखालच्या खापरी नळांचे अवशेष हे तितकेच जतन करण्याजोगे आहेत, कारण ते वरकरणी दगडमातीचे ढिगारे वाटत असल्याने रस्ता, खोदकाम किंवा सपाटीकरण यांत प्रथम तेच नाहीसे होतात. २०२४ मध्ये अहमदनगरचे नाव अहिल्यानगर झाले. जुन्या ग्रंथांत आणि नकाशांत ही वास्तू अहमदनगर व भिंगार या नावांखालीच शोधावी लागते.